महालिया जॅक्सन आणि ‘गॉस्पेल’ या शब्दाचा गुंता
अमेरिकेतली काळी गायिका महालिया जॅक्सन हिने आयुष्यभर देवाचीच गाणी गायली, हे तिच्याबद्दल सगळ्यात आधी सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण शिकागोत ती गायला लागली तेव्हा चर्चमधल्याच पुष्कळ लोकांना तिचं गाणं देवाचं वाटत नव्हतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तिची थोरवी समजायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

घोळ आहे ‘गॉस्पेल’ या शब्दात. त्याचा मूळ अर्थ शुभवर्तमान. गाण्याच्या संदर्भात हा शब्द आधी रूढ केला तो १८७०च्या दशकातल्या गोऱ्या प्रचारकांनी. सोप्या चालींची, कोणालाही पटकन उचलता येतील अशी त्यांची गीतं ‘गॉस्पेल’ नावाने छापली गेली. गुलामगिरीच्या काळात काळ्या माणसांनी रचलेली गाणी त्याहून निराळी. त्यांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. महालियाचं गॉस्पेल या दोन्हींनंतरचं आहे, शहरात वाढलेलं, आणि त्याची नाळ थेट ब्लूजशी, म्हणजे काळ्या लोकांच्या सुखदुःखाच्या ऐहिक गाण्यांशी जुळलेली. मराठीत आपण या सगळ्यालाच ‘ख्रिस्ती भक्तिगीत’ म्हणतो आणि नेमका भांडणाचा मुद्दाच निसटतो.

हे नवं गॉस्पेल ज्याच्या हातून घडलं तो थॉमस डॉर्सी पूर्वी ब्लूजचा पियानोवादक होता, आणि त्याची तेव्हाची काही गाणी चारचौघांत म्हणता येणार नाहीत अशी होती. १९३२ मध्ये तो परगावी असताना त्याची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखात त्याने ‘प्रेशस लॉर्ड’ लिहिलं. शब्द प्रार्थनेचे, पण सूर वाकवण्याची, अडखळत पुढे सरकण्याची रीत ब्लूजची. पुढे महालिया त्याच्याबरोबर गावोगाव हिंडली. ती गायची आणि तो गाण्यांचे छापील कागद दहा-दहा सेंटला विकायचा.

तिच्या कानावर दोन्ही प्रवाह लहानपणापासूनच पडत होते. जन्म १९११चा, न्यू ऑर्लिन्समधला. आई लवकर गेली, मावशीने कडक शिस्तीत वाढवलं. रविवारी बाप्टिस्ट चर्च ठरलेलं. पण घराशेजारी दुसऱ्या पंथाची मंडळी जमायची. त्यांच्याकडे ऑर्गन नव्हता, होते ते ढोल, झांजा, खंजिरी, टाळ्या आणि पायांचा ठेका. आपल्या गाण्यातला ठेका तिथूनच आला, असं ती पुढे सांगायची. मावसभावाकडे ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या रेकॉर्ड होत्या, त्याही तिने मन लावून ऐकल्या.

सोळा-सतरा वर्षांची असताना ती शिकागोला आली. धुणीभांडी, हॉटेलातल्या खोल्यांची साफसफाई अशी कामं करता करता गाऊ लागली. तिथली मोठी चर्च शिकल्या-सवरलेल्या काळ्या लोकांची. त्यांना युरोपीय वळणाचं, बेतशीर गाणं हवं होतं. चार डॉलर मोजून ती एका संगीतशिक्षकाकडे गेली, तर हे ओरडणं थांबव, असं त्याने तिला ऐकवलं. पुन्हा काही ती शिकवणीला गेली नाही. एका पाळकाने व्यासपीठावरूनच तिला बोल लावले. बायबलातल्या स्तोत्रांतच टाळ्या वाजवायला सांगितलं आहे, हे तिचं उत्तर मला बिनतोड वाटतं. अभंग-ओवीतून ख्रिस्तभक्ती गाणाऱ्या नारायण वामन टिळकांच्या भाषेत वाढलेल्यांना तर ते सहज पटावं. देवापुढे जाताना माणसाने आपलं गाणं दाराबाहेर का ठेवायचं?

इतकं सगळं असूनही ब्लूज गायला ती कधीच तयार झाली नाही. आजोबा आजारी पडले तेव्हा तिने नवस बोलला होता की ते बरे झाले तर पुन्हा थिएटरची पायरी चढणार नाही. घरात पैशांची ओढाताण असताना नवऱ्याच्या आग्रहाखातर तिने एका संगीतिकेसाठी आवाजाची चाचणी दिली, निवडही झाली. नवऱ्याला काम मिळाल्याचं कळताच तिने नकार कळवला. जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगने बोलावलं, त्यालाही नाही म्हणाली. यात काहींना विसंगती दिसते, मला दिसत नाही. चाल आणि ठेका तिने कुठूनही घेतला, पण गाणं कोणाला उद्देशून गायचं हे तिचं पक्कं होतं.

१९४७ मध्ये तिने ‘मूव्ह ऑन अप अ लिटल हायर’ गायलं. गाणं एवढं लांब की तबकडीच्या एका बाजूत मावेना. ऐन रंगात आलं की उठून तबकडी उलटवायची आणि पुढचं ऐकायचं. लोकांनी ती लाखांनी विकत घेतली. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या प्रतिष्ठित कार्नेगी हॉलमध्ये गाणं झालं, १९५४ मध्ये मोठी रेकॉर्ड कंपनी आली. त्या कंपनीने तिच्यामागे व्हायोलिनांचा ताफा उभा केला. त्या रेकॉर्डमध्ये ती जखडल्यासारखी वाटते.

१९५६ मध्ये तिने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तेव्हा खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढे काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभांसाठी ती गात राहिली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला किंग यांच्या भाषणाआधी ती गायली. भाषण चालू असताना ‘त्यांना स्वप्नाबद्दल सांग, मार्टिन’ असं तिने मागून ओरडून सांगितल्याचं जवळ बसलेल्यांच्या आठवणींत आहे. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना मंडळी अशीच मधून साद घालते. एप्रिल १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीला तिने ‘प्रेशस लॉर्ड’ म्हटलं.

१९७१ मध्ये ती भारतातही येऊन गेली. दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत तिचे कार्यक्रम झाले. हृदयविकार तोवर बळावला होता. २७ जानेवारी १९७२ रोजी, साठाव्या वर्षी ती गेली. शिकागोतल्या अंत्यविधीत डॉर्सीचं तेच ‘प्रेशस लॉर्ड’ गायलं अरेथा फ्रँकलिनने. अरेथा पाळकाची मुलगी, चर्चमध्ये गातच वाढलेली. चर्चबाहेरच्या गाण्याचं जे दार महालियाने आयुष्यभर बंद ठेवलं, त्यातून बाहेर पडूनच ती जगप्रसिद्ध झाली होती.