बोगनवेल: रंग कशाचा, काटा कुठला

आमच्या रोपवाटिकेतून बोगनवेल नेणाऱ्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. बहर कधी येईल? आणि बिनकाट्याची जात मिळेल का? दोन्हींची उत्तरे झाडाच्या रचनेतच आहेत, म्हणून प्रत्येक रोपासोबत हे पत्रक देतो.

आधी एक रंगीत घोस हातात घ्या. कागदासारख्या पातळ, रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेत. ती बदललेली पाने आहेत. शास्त्रात त्यांना छदे म्हणतात. उजेडासमोर धरलीत तर पानासारख्या शिरा स्पष्ट दिसतात. छदे तीन-तीनच्या जुडग्यात येतात आणि प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेला एक बारीक नळी चिकटलेली असते. नळीच्या टोकाशी उमलणारी इवलीशी फिकट चांदणी, हे खरे फूल. त्याला पाकळ्या नसतातच. फूल लवकर सुकते, छदांचा रंग मात्र पुष्कळ दिवस टिकतो. फळ धरलेच तर वाळलेले छद त्याला चिकटून राहते आणि वाऱ्यावर दूर नेते.

हा रंगही वेगळ्या घराण्याचा आहे. बहुतेक लाल-जांभळ्या फुलांत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्ये असतात. बोगनवेलीत बीटालेन असतात, म्हणजे बीटाला रंग देणाऱ्या गटातली. गुलबक्षी आणि पुनर्नवा या तिच्या कुळातल्याच.

आता काटा. गुलाबाचा काटा सालीवरचा असतो, आडवा दाबला की निखळतो. बोगनवेलीचा तसा निघत नाही, कारण तो पानाच्या बगलेतून आलेला, टोकदार झालेला फांदीचाच प्रकार आहे. फुलोरा येतो तोही त्याच बगलेतून. तिथल्या कोंबाचा एकतर काटा होतो, नाहीतर फुलोरा. बोगनवेलीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण सगळी निगा हिच्याभोवती फिरते. भरपूर पाणी आणि नत्रयुक्त खत मिळाले की झाड लांबच लांब, रसरशीत फुटवे काढते आणि त्यांच्या बगलांत काटेच जास्त दिसतात. ऊन पूर्ण, पाणी जरा हात राखून आणि दिवस लहान असले, की त्याच जागी फुलोरे येऊ लागतात.

म्हणून कुंडी जिथे दिवसाचे निदान पाच-सहा तास थेट ऊन येते तिथेच ठेवा. वरची माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका. बहर ओसरला की छाटणी करा. फुलोरे नव्या फुटीवर येतात. छाटताना जाड हातमोजे हवेतच. काटा खोल रुतला तर काहींच्या त्वचेला दाह होतो.

बिनकाट्याची म्हणून आम्ही कोणतीही जात विकत नाही. ग्लॅब्रा या प्रजातीची पाने गुळगुळीत आणि काटे बारीक असतात. स्पेक्टॅबिलिसची पाने लवदार, काटे मोठे नि आकडेदार. मुले खेळतात तिथे पहिली निवडावी, कुंपणाला दुसरी. बाजारातल्या पुष्कळ जाती मात्र संकरित आहेत. ग्लॅब्रा आणि पेरुव्हियाना यांच्या संकराला बटियाना म्हणतात.

मूळ घर दक्षिण अमेरिका. फ्रेंच दर्यावर्दी बूगनव्हिल यांच्या 1766 ते 1769 च्या पृथ्वीप्रदक्षिणेत वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन यांनी ही वनस्पती रिओ द जानेरोजवळ गोळा केली आणि प्रजातींच्या या गटाला पुढे बूगनव्हिल यांचेच नाव मिळाले. कॉमर्सन यांच्यासोबत पुरुषवेशात गेलेली झान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री. तिचा उल्लेख आम्हाला आवर्जून करावासा वाटतो.

कुंडी बदलताना सर्वांत जपायची ती मुळे. ती नाजूक असतात, चटकन तुटतात. मातीचा गोळा न फोडता, न झटकता तसाच नव्या कुंडीत बसवा.

मेरी पामर ही जात घेतली असेल, तर एकाच झाडावर पांढरी आणि गुलाबी छदे दिसणे हा रोग नव्हे. तो तिचा गुणच आहे. पण चितकबऱ्या पानांच्या जातीवर निव्वळ हिरव्या पानांची फांदी फुटली तर ती बुडापासून कापा, नाहीतर जोमाने वाढून बाकीच्या झाडाला झाकून टाकते. डबल जातींत छदांचे गेंद होतात आणि सुकल्यावरही गळत नाहीत. ते तपकिरी झाले की देठासह कात्रीने काढावे लागतात.