इंग्रजीतील शब्दयोगी अव्ययांची निवड

‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’, ‘विथ’, ‘ऑफ’ यांसारखी इंग्रजीतील शब्दयोगी अव्यये नामापूर्वी स्वतंत्र शब्द म्हणून येतात आणि नामाचा वाक्यातील अन्य पदांशी संबंध दाखवतात.

जुन्या इंग्रजीत (इ. स. सुमारे ४५० ते ११००) हे काम बरेचसे विभक्तिप्रत्ययांकडे होते. पुढील दोन-तीन शतकांत प्रत्यय बव्हंशी झिजले. प्रत्यय झिजल्यामुळे अव्ययांचा वापर वाढला, की अव्यये रूढ झाल्यामुळे प्रत्यय अनावश्यक ठरले, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक मुख्यतः उत्तर व पूर्व इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन वसाहतवाल्यांशी आलेल्या संपर्काला महत्त्व देतात. प्रत्ययलोप उत्तर इंग्लंडमध्ये आधी व दक्षिणेत उशिरा झाला, ही गोष्ट त्या मताला पोषक आहे. तथापि जुन्या इंग्रजीतही अव्यये व प्रत्यय एकत्र येत असल्याने, दोन्ही प्रक्रिया परस्परांना पूरक ठरल्या असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. या स्थित्यंतरात अव्ययांचे अर्थही सरकले. ‘विथ’चा मूळ अर्थ प्रामुख्याने ‘विरुद्ध’ असा होता आणि सहवासासाठी ‘मिड’ हे अव्यय होते. ‘मिड’ लोपले (‘मिडवाइफ’ या शब्दात ते बहुधा टिकून आहे) आणि सहवास व साधन हे दोन्ही अर्थ ‘विथ’कडे आले, जुना अर्थ ‘विथस्टँड’मध्ये आणि ‘फाइट विथ’सारख्या प्रयोगात उरला.

त्यामुळे केवळ कोशातील अर्थावरून अव्यय निवडता येत नाही. ‘डिपेंड’ला ‘ऑन’ आणि ‘अफ्रेड’ला ‘ऑफ’ ही जोडणी रूढीनेच ठरते. बिंदूसाठी ‘ॲट’, पृष्ठभागासाठी ‘ऑन’ व व्याप्तीसाठी ‘इन’ हा शालेय नियम बराच दूर नेतो, पण मोटारीसाठी ‘इन द कार’ आणि बससाठी सामान्यतः ‘ऑन द बस’ येते, याचा उलगडा त्यातून होत नाही. प्रदेशपरत्वेही भेद आहेत: ब्रिटिश ‘ॲट द वीकएंड’, अमेरिकन ‘ऑन द वीकएंड’. ‘डिफरंट’पुढे ‘फ्रॉम’ सर्वत्र मान्य आहे. ‘टू’ मुख्यतः ब्रिटनमध्ये व ‘दॅन’ मुख्यतः अमेरिकेत आढळते.

मराठी भाषकांच्या इंग्रजीत ‘-शी लग्न’वरून ‘मॅरीड विथ’ येते. प्रमाण प्रयोग ‘मॅरीड टू’ असा आहे. ‘डिस्कस’ हे क्रियापद थेट कर्म घेते, तरी ‘-विषयी चर्चा’ या धर्तीवर त्यापुढे ‘अबाउट’ जोडले जाते. हा प्रयोग मराठी भाषकांपुरता मर्यादित नसून अन्य भारतीयांच्या आणि आफ्रिकेतील काही देशांच्या इंग्रजीतही आढळतो. म्हणून तो केवळ मातृभाषेचा परिणाम मानणे अपुरे ठरते. ‘डिस्कशन’ या नामापुढे ‘अबाउट’ चालते, त्याच्या साम्यानेही तो आला असावा.