फोमचे चिलखत

फोमचे चिलखत म्हणजे ईव्हीए फोमच्या शीटमधून कापून, तापवून, चिकटवून आणि रंगवून घरी तयार केलेले वेशभूषेचे चिलखत. कॉमिक्स, ॲनिमे आणि व्हिडिओ गेममधील योद्ध्यांचा वेश करणारे कॉसप्लेअर ते प्रामुख्याने वापरतात. नाटक आणि लघुपटांतही ते दिसते. बघणाऱ्याला ते लोखंड वाटले पाहिजे आणि घालणाऱ्याला बसता, वाकता, जिना चढता आला पाहिजे. या कामातली जवळपास प्रत्येक युक्ती ही ओढाताण सोडवण्यासाठी निघालेली आहे.

विज्ञानकथांच्या चाहत्यांनी वेश करून मेळाव्याला जाण्याची प्रथा जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस हे दोन चाहते भविष्यकाळातले पोशाख घालून आले होते. ते डग्लस यांनी शिवले होते. ‘कॉसप्ले’ हे नाव १९८३ मध्ये जपानच्या नोबुयुकी ताकाहाशी यांनी रूढ केले. चिलखतासाठी मात्र पुढेही बराच काळ फायबरग्लास, रेझिन किंवा साच्यावर ओढलेले प्लास्टिक लागे. ते जड, महाग आणि ठिसूळ. व्यायामशाळेत जमिनीवर अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चटया हौशी लोकांच्या हाती लागल्या आणि हे काम घरच्या टेबलावर आले. भारतात २०११ मध्ये दिल्लीत पहिले कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सप्रेमींचा मेळावा, भरले. आता मुंबईतल्या कॉमिक कॉनमध्येही अशी चिलखते दिसतात.

ईव्हीए म्हणजे इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट. हलक्या चपलांचे तळवे याचेच असतात. यातले हवेचे कप्पे बंद असल्याने ते पाणी शोषत नाही, आणि तापवून दिलेला आकार थंड झाल्यावर टिकतो. छाती-पाठीला साधारण १० मिमी, हातापायांना ५-६ मिमी आणि नक्षीला २ मिमी जाडीचे शीट घेतात. थर्माकोल इथे कुचकामी आहे: तो वाकत नाही, शिवाय जोडकामाच्या गोंदातल्या (कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हमधल्या) द्रावकाने विरघळतो.

आधी अंगाला पातळ प्लास्टिक गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावतात, त्यावर रेषा आखतात आणि ते कापून सपाट केले की मापाचा नमुना मिळतो. त्रिमितीय मॉडेल उलगडून कागदावर छापून देणारे ‘पेपाकुरा’ हे जपानी सॉफ्टवेअरही लोकप्रिय आहे. फोम कटरचे पाते फार लवकर बोथट करतो आणि बोथट पाते कड कुरतडते. पाते वारंवार बदलण्यात कंजुषी केली की ती सांध्यात दिसते. दोन तुकड्यांचा कोन हवा असेल तर कडा तिरप्या कापाव्या लागतात. गुडघ्याच्या वाटीसारखा घुमट हवा असेल तर तुकडा हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, तापवून पातेल्याच्या बुडावर दाबून धरतात.

जोडण्यासाठी कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत वाळू देतात. नवशिके इथेच घाई करतात. ओल्या कडा दाबल्या तर सांधा धरत नाही, आणि नीट वाळलेल्या कडा एकदा टेकल्या की सरकवता येत नाहीत. म्हणून लांब सांध्याची आधी दोन टोके जुळवायची, मग मधला बिंदू, आणि उरलेले थोडे थोडे दाबत आणायचे. राहिलेली फट लवचिक ॲक्रिलिक फिलरने ओल्या बोटाने बुजवतात. भिंतीची पुट्टी भरली तर पहिल्या वाकण्यालाच तडकते.

रंगाआधी हीट गन सगळ्या पृष्ठभागावरून फिरवतात. वरचे कप्पे मिटून फोमवर किंचित चमक येते. ती आली की थांबायचे. पात्याने हलकीच ओढलेली रेघ याच उष्णतेने उघडून खोल खाच होते, त्यामुळे पत्र्यांच्या जोडांचा आणि तलवारीच्या घावांचा भास फुकटात मिळतो. मग पातळ केलेल्या फेविकॉलचे किंवा रबरी लेपाचे तीन-चार हात द्यायचे. हे टाळले तर फोम रंग पितो आणि धातूऐवजी रंगवलेला स्पंजच दिसतो.

रंगवताना सगळीकडे एकसारखी चंदेरी फवारणी करणे ही सर्वांत मोठी चूक. तळाला काळा हात देऊन वर चंदेरी ॲक्रिलिक जवळजवळ कोरड्या ब्रशने फिरवतात, म्हणजे उंचवटे उजळतात आणि खाचा काळ्या राहतात. नंतर पाणी घातलेला तपकिरी-काळा रंग फासून पुसून घेतात. काळ्या तळावर शिसपेन्सिलीची पूड घासली तर जुन्या पोलादाची झाक येते. झीज कुठे दाखवायची याला तर्क लागतो: पट्टा घासतो ती खांद्याची कड उजळ, पाणी साचेल त्या खाचेत गंज.

साखळीचे चिलखत मात्र फोमला जमत नाही. शिवकालीन वेशात कड्यांच्या विणीला मोठे स्थान असल्याने तिथे जाड दोऱ्याची वीण चंदेरी रंगवणे बरे. फोम छाती-पाठीच्या पत्र्यांपुरता आणि शिरस्त्राणापुरता ठेवावा.

ॲडहेसिव्हच्या वाफा आणि तापलेल्या फोमचा धूर घातक असतो. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क वाफा अडवत नाही. त्यासाठी सेंद्रिय वाफा शोषणारे कार्ट्रिज (बदलता येणारी गाळणी) असलेला मास्क आणि उघडी खिडकी लागते. घासकामाच्या बारीक धुळीसाठी मात्र धुळीचा मास्क चालतो. तयार चिलखत उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये; सांधे सुटतात आणि दिलेला बाक उतरतो.