रात्री राउटर चालू ठेवा: आपोआप होणाऱ्या अपडेटविषयी आमच्या ग्राहकांसाठी

आपल्यापैकी बरेच जण झोपताना टीव्हीबरोबर वायफायचंही बटण बंद करतात. वीज वाचवण्याचा हेतू चांगलाच आहे. पण तुम्हाला इंटरनेट पुरवणारे आम्ही राउटरची देखभाल रात्री २ ते ४ या वेळेत करतो. रोज रात्री बंद राहणारा राउटर महिनोन् महिने जुन्याच सॉफ्टवेअरवर चालत राहतो. घरगुती राउटरला साधारण १० वॉट वीज लागते. रात्रीचे आठ तास धरले तरी महिन्याला अडीच युनिटसुद्धा होत नाहीत. तेवढी वीज खर्च होऊ द्या, ही विनंती.

नेमकं काय बदलतं?

एक, फर्मवेअर. म्हणजे राउटर ज्याच्यावर चालतो तो मूळ प्रोग्रॅम. तो राउटर बनवणारी कंपनी तयार करते, आम्ही तपासून पाठवतो. दुसरं, सेटिंग्ज: कनेक्शनचं युजरनेम, व्हीलॅन क्रमांक (जाळ्यात तुमच्या सेवेची वाट वेगळी ठेवणारा), डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता वगैरे. ही आम्ही स्वतः पाठवतो. फर्मवेअर बदललं की राउटर रिस्टार्ट होतो आणि काही मिनिटं नेट जातं. सेटिंग बदलली तर बहुतेक वेळा तुम्हाला कळतही नाही.

यासाठी टीआर-०६९ नावाची पद्धत आहे. ती २००४ मध्ये ठरली आणि जगभरच्या ब्रॉडबँड कंपन्या ती वापरतात. तुमचा राउटर ठरावीक वेळाने स्वतःच आमच्या सर्व्हरला हजेरी देतो आणि आपलं मॉडेल व फर्मवेअरची आवृत्ती कळवतो. नवीन आवृत्ती असेल तर सर्व्हर ती उतरवून घ्यायला सांगतो.

आपोआपच का? सांगितलं तर आम्ही करू की!

२०१८ सालचं मायक्रोटिक कंपनीच्या राउटरचं उदाहरण पाहा. त्यांच्यात एक गंभीर त्रुटी सापडली आणि कंपनीने एप्रिलमध्येच दुरुस्त आवृत्ती दिली. तरी ऑगस्टमध्ये ब्राझीलपासून सुरू होऊन लाखाहून जास्त राउटर हल्लेखोरांच्या ताब्यात गेले, आणि लोकांच्या ब्राउझरमधून त्यांच्या संगणकांची ताकद परस्पर वापरून हल्लेखोरांसाठी क्रिप्टो चलन तयार केलं जाऊ लागलं. औषध तीन महिन्यांहून जास्त काळ उपलब्ध होतं, पण ते राउटरमध्ये कोणी घातलंच नव्हतं. दुकान, शाळा, संसार सांभाळणाऱ्या माणसाने राउटरच्या आवृत्त्या तपासत बसावं, अशी अपेक्षा आम्हाला रास्त वाटत नाही. ते काम आमचं आहे.

मात्र दूरून अपडेट करायची ही वाटही नीट राखावी लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइश टेलिकॉम या कंपनीच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट बंद पडलं. दूरस्थ देखभालीचं ७५४७ क्रमांकाचं पोर्ट (बाहेरून राउटरशी बोलायचं एक दार) साऱ्या इंटरनेटला उघडं होतं आणि मिराई या घातक प्रोग्रॅमच्या नव्या अवताराने तिथून धडका दिल्या. म्हणून आमच्या जाळ्यात हे पोर्ट फक्त आमच्या सर्व्हरच्या पत्त्यालाच उत्तर देतं.

अपडेटच चुकीचं निघालं तर?

ही भीती खरी आहे. कॅनडातल्या रॉजर्स कंपनीने ८ जुलै २०२२ रोजी आपल्या मुख्य जाळ्यात अपग्रेड करताना माहितीचा लोंढा अडवणारा एक फिल्टर काढला आणि सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांची सेवा ठप्प झाली. अनेकांना तर आणीबाणीचा नंबरही लागेना.

त्यामुळे आम्ही कोणतंही अपडेट सगळीकडे एकदम सोडत नाही. आधी ते आमच्या ऑफिसात आणि आमच्या माणसांच्या घरी चालतं, मग एखाद्या गल्लीत, आणि तक्रार आली नाही तरच पुढे. आम्ही वापरतो त्या फर्मवेअरच्या फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. ती जुळली नाही तर राउटर फाइल नाकारतो. नव्या मॉडेलांत फर्मवेअरसाठी दोन जागा असतात: नवं फर्मवेअर रिकाम्या जागेत उतरतं आणि ते सुरू झालं नाही, तर राउटर जुन्यावर परततो. दुकानं आणि ऑफिसांच्या राउटरवर सेटिंग बदलल्यावर आमच्याशी संपर्क तुटला, तर जुनी सेटिंग आपोआप परत येते.

जुन्या मॉडेलांत मात्र एकच जागा आहे. अपडेट चालू असताना वीज गेली तर तो डबा कायमचा बंद पडू शकतो. लाइट वारंवार जाणाऱ्या भागातल्या ग्राहकांनी राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस जोडावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर आम्हाला कळवा.

रात्री दिवे लुकलुकताना दिसले तर पंधरा मिनिटं थांबा. प्लग काढू नका आणि रिसेटच्या भोकात पिन तर मुळीच घालू नका. रिसेट केल्यावर नेटची सेटिंग आम्ही परत पाठवू शकतो. पण सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी (चित्रण साठवणाऱ्या डब्यासाठी) तुम्ही स्वतः उघडलेलं पोर्ट पुसलं जातं. एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर तो अपडेटचा नाही, फायबरमध्ये बिघाड आहे. लगेच फोन करा.

आम्हाला काय दिसतं?

राउटरचं मॉडेल, आवृत्ती, तो किती वेळ चालू आहे, फायबरच्या सिग्नलची ताकद, जोडलेल्या उपकरणांची नावं. वायफायचं नाव आणि पासवर्डही आम्ही इथून बदलू शकतो, पण तुम्ही सांगितल्याशिवाय बदलत नाही. तुम्ही मेसेजमध्ये काय लिहिता किंवा कोणता व्हिडिओ पाहता, हे या व्यवस्थेतून आमच्यापर्यंत येत नाही.

बाजारातून आणलेला राउटर

तो आमच्या सर्व्हरला जोडलेला नसतो, त्यामुळे त्याच्या ॲपमध्ये जाऊन ‘ऑटो अपडेट’ तुम्हालाच चालू करावं लागेल. घेताना दुकानदाराला विचारा की कंपनी या मॉडेलला किती वर्षं अपडेट देणार आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून ही मुदत जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक आहे. जाहीर मुदत नसलेला स्वस्त राउटर घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘राउटर अपडेट करायचाय’ असा फोन आला तर

कापून टाका. आमच्या अपडेटला ओटीपी लागत नाही, मोबाइलवर कुठलं ॲप टाकावं लागत नाही आणि वेगळे पैसेही पडत नाहीत. कोणी पैसे काढून घेतलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि मग आम्हालाही कळवा. आम्ही त्याच दिवशी राउटरचे सगळे पासवर्ड बदलून देऊ.