रक्ताभिसरण संस्था

रक्ताभिसरण संस्था : प्राणवायू, अन्नरस, संप्रेरके आणि उष्णता शरीरभर पोचवणारी आणि पेशींनी टाकलेला कार्बन डायऑक्साइड व इतर टाकाऊ द्रव्ये गोळा करून नेणारी यंत्रणा. माणसात ती हृदय, रक्तवाहिन्या आणि रक्त यांची मिळून होते. पेशींभोवती झिरपलेले पाणी रक्तात परत आणणाऱ्या लसीकावाहिन्यांचे जाळेही तिच्यातच धरतात. सगळ्याच प्राण्यांना ती नसते, आणि ज्यांना असते त्यांच्यातही ती एकाच घाटाची नसते.

तिची गरज का पडली, हे अंतराच्या हिशेबातून कळते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू आपोआप पसरतो, पण अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे साधारण एका पेशीएवढे अंतर, तो सेकंदाच्या काही शतांशांत कापतो. सेंटिमीटरभराला ढोबळमानाने सात तास लागतील आणि छातीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतच्या मीटरभराला आठेक वर्षे. म्हणून मोठ्या शरीराने करायचे ते एवढेच, की प्राणवायूने भरलेला द्रव प्रत्येक पेशीच्या अगदी जवळ, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत नेऊन ठेवायचा आणि शेवटचे पाऊल त्या आपोआप पसरण्यावर सोडायचे. हृदय, झडपा, जाड-बारीक नळ्या हा सगळा खटाटोप त्या शेवटच्या पावलासाठी असतो.

जलव्याल (हायड्रा), जेलीफिश, चपटे कृमी यांच्या शरीराच्या भिंती इतक्या पातळ असतात की त्यांचे अभिसरणावाचून अडत नाही. कीटकांनी वेगळीच वाट काढली आहे. झुरळाच्या पाठीलगत १३ कप्प्यांची एक लांबट नळी असते, तेच त्याचे हृदय. ती रक्त डोक्याकडे ढकलते. तिथून ते नळीबाहेर सांडते, अवयवांमधल्या पोकळ्यांत झिरपत मागे येते आणि बाजूच्या छिद्रांतून परत नळीत शिरते. याला खुले अभिसरण म्हणतात. दाब फारच कमी आणि वेगही बेताचा, तरी झुरळ किती चपळ पळते हे आपण पाहतोच. याचे कारण असे, की प्राणवायू वाहण्याचे काम कीटकाचे रक्त जवळजवळ करतच नाही. हवा श्वासनलिकांच्या बारीक फाट्यांतून थेट पेशींपर्यंत पोचते. त्यामुळे कीटकाच्या रक्तात तांबडे रंगद्रव्य सहसा नसते. भिंतीवर डास मारल्यावर जो लाल डाग उमटतो, तो डासाच्या रक्ताचा नसून त्याने नुकत्याच पिऊन घेतलेल्या रक्ताचा, बहुधा घरातल्याच कुणाच्या.

कोळंबी, खेकडा यांचेही अभिसरण खुले, पण ते कल्ल्यांनी श्वास घेतात आणि प्राणवायू रक्तातूनच नेतात. त्यासाठी त्यांच्याकडे लोहयुक्त हीमोग्लोबिनाऐवजी तांबे असलेले हिमोसायनिन असते. प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसते. कोळंबी सोलताना पाठीला चीर देऊन जो काळा धागा ओढून काढतात, त्याला पुष्कळ जण शीर समजतात. ते आतडे आहे. हृदय डोक्याकडच्या कवचाखाली असते, म्हणजे डोके मोडून टाकले की तेही गेलेच.

बंद अभिसरणात रक्त वाहिन्यांबाहेर पडत नाही. गांडुळात ते असेच असते. त्याचे रक्त लालही असते, मात्र हीमोग्लोबिन पेशींत नसून रक्तद्रवात विरघळलेले असते. ऑक्टोपसला तीन हृदये : दोन कल्ल्यांतून रक्त ढकलायला आणि तिसरे उरलेल्या शरीरासाठी. ही वाटणी उगाच नाही. तिच्यामागे जी अडचण आहे, तीच पुढे सगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांच्या हृदयाला घडवते.

ती अडचण माशात नीट दिसते. बाजारात कोळीण मासा ताजा आहे हे पटवायला कल्ला उचलून आतला लालभडकपणा दाखवते. तो लाल रंग असंख्य केशवाहिन्यांचा, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांचा. त्यांच्यात आणि बाहेरच्या पाण्यात अगदी पातळ पडदा असतो, म्हणून तर प्राणवायू आत येतो. माशाचे हृदय आलेले रक्त घेणारे एक अलिंद आणि ते पुढे ढकलणारे एक निलय अशा दोन मुख्य कप्प्यांचे. तेथून निघालेले रक्त आधी कल्ल्यांत जाते आणि तिथूनच पुढे शरीरभर. कल्ल्यांच्या जाळीतून जाताना दाब बराच उतरतो, आणि उरलेल्या दाबावर सगळे शरीर चालवावे लागते. हृदयाने जोर वाढवायचा म्हटले तर नाजूक कल्ले फुटतील. पाण्यात तरंगणाऱ्या, थंड रक्ताच्या प्राण्याला हे परवडते. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या, स्वतःचे शरीर गरम ठेवणाऱ्या प्राण्याला परवडत नाही.

यावरचा उपाय म्हणजे रक्त प्राणवायू घेऊन एकदा हृदयात परत आणायचे आणि दुसऱ्यांदा ढकलायचे. बेडकात दोन अलिंदे आणि एक निलय असते. एकाच निलयात शुद्ध-अशुद्ध रक्त मिसळते म्हणून शाळेत हे हृदय 'अपूर्ण' असल्याचे शिकवले जाते. हा बेडकावर थोडा अन्याय आहे. निलयाचा आतला भाग स्पंजासारखा असल्याने दोन प्रवाह वाटते तितके मिसळत नाहीत. शिवाय बेडूक त्वचेतूनही श्वास घेतो, आणि पाण्याखाली फुप्फुसे निकामी असताना तिकडे रक्त पाठवण्याचा खर्च तो टाळू शकतो. आपल्या हृदयाला ही मुभा नाही. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांत निलयाच्या मध्ये अर्धवट पडदा असतो. मगरीत तो पूर्ण असतो, तरीही हृदयाबाहेर पडणाऱ्या दोन मुख्य वाहिन्या 'पॅनिझाचे छिद्र' नावाच्या एका भोकाने जोडलेल्या राहतात.

पक्षी आणि सस्तन प्राणी चार कप्प्यांपर्यंत स्वतंत्रपणे पोचले. याची खूण आजही दिसते : हृदयातून शरीराकडे निघणारी मुख्य वाहिनी, म्हणजे महारोहिणी, पक्ष्यांत उजवीकडे वळते, आपल्यात डावीकडे.

माणसाचे हृदय मुठीएवढे, वजनाने साधारण २५० ते ३५० ग्रॅम. ते समजून घ्यायला चित्रापेक्षा मटणाच्या दुकानातले बोकडाचे हृदय बरे, कारण रचना तीच. उभे चिरले की पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो भिंतींमधला फरक. डाव्या निलयाची भिंत घट्ट आणि उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड. उजवा निलय हातात लोळागोळा होतो. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांतच पाठवायचे असते, डाव्याला टाळूपासून तळपायापर्यंत. माणसात डावा निलय १२० मिमी. पाऱ्याचा दाब तयार करतो तेव्हा उजवा जेमतेम २५ चा. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये झडपांचे पातळ पडदे दिसतात आणि त्यांना निलयाच्या भिंतीशी बांधणारे पांढरे, शिवणाच्या दोऱ्यासारखे तंतू. बोटाने ओढून पाहिले तर सहजी तुटत नाहीत. निलय आकुंचन पावताना झडप उलटी अलिंदात जाऊ नये म्हणून हे दोर. वर महारोहिणीचे तोंड कापल्यावरही आ वासून उघडे राहते. शेजारची नीला, म्हणजे हृदयाकडे रक्त आणणारी वाहिनी, मात्र मिटून सपाट होते.

विश्रांतीत हृदय मिनिटाला ७२ च्या आसपास ठोके देते. दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे पाच लिटर; शरीरातले जवळजवळ सगळे रक्त मिनिटभरात एक फेरी मारून येते. दिवसाचे ठोके लाखावर जातात. स्टेथोस्कोपमधून येणारा 'लब्-डब्' हा आवाज झडपा मिटण्याचा : पहिला अलिंद-निलयांमधल्या, दुसरा महारोहिणी आणि फुप्फुसरोहिणी यांच्या तोंडाशी असलेल्या.

ठोका सुरू करण्यासाठी मेंदूच्या हुकमाची गरज नसते. उजव्या अलिंदाच्या भिंतीतला पेशींचा लहानसा पुंजका स्वतःच विद्युत् लहर सोडतो. ती अलिंदांतून पसरते, निलयांच्या वेशीवर सेकंदाचा दहावा भाग थबकते, तेवढ्यात अलिंदे रिकामी होतात, मग निलये आकुंचन पावतात. मेंदूकडून येणाऱ्या चेता (मज्जातंतू) फक्त लगाम आणि टाच यांचे काम करतात. हृदयारोपणात या चेता तोडाव्याच लागतात, तरी नवे हृदय चालते. फक्त लगाम सुटल्यामुळे त्याची विश्रांतीतली गती शंभराच्या आसपास असते. भारतात असे पहिले आरोपण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केले, केपटाऊनमधल्या जगातल्या पहिल्या आरोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत. रुग्ण काही तासच जगला.

हृदयाकडून निघते ती रोहिणी किंवा धमनी, हृदयाकडे येते ती नीला किंवा शिरा. शुद्ध रक्त ते रोहिणीत आणि अशुद्ध ते नीलेत, हे समीकरण फुप्फुसांपाशी उलटते, म्हणून व्याख्या दिशेवरून करावी. बोलण्यात मात्र आपण सगळ्यालाच शीर नाहीतर नस म्हणतो, आणि 'नस दबली' म्हणताना तर ती रक्तवाहिनी नसून चेता असते. मनगटावर लागते ती नाडी म्हणजे रोहिणीच्या लवचीक भिंतीतून धावणारी दाबाची लाट. रक्त स्वतः त्या लाटेपेक्षा बरेच सावकाश मागून येते.

पायांतले रक्त वर कसे चढते? नीलांत दाब फारच थोडा उरलेला असतो. काम करतात ते पोटरीचे स्नायू : चालताना ते नीला पिळतात आणि आतल्या एकेरी झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत. तासन् तास एका जागी उभे राहणाऱ्यांच्या, म्हणजे न्हावी, वाहतूक पोलीस, शिक्षक यांच्या पायांवर निळ्या गाठाळ शिरा दिसतात त्या या झडपा ढिल्या पडल्याच्या.

याच झडपांनी विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याला वाट दाखवली. इटलीत पादुआला शिकत असताना त्याच्या गुरूने, फाब्रिचियसने, त्या त्याला दाखवल्या होत्या. तोवर यूरोपात प्राचीन ग्रीक वैद्य गेलेनची शिकवण चालत होती : रक्त यकृतात सतत नवे तयार होते आणि शरीरात खर्ची पडते. हार्वीने हिशेब केला. आजचे आकडे घातले तर हृदय तासाला ३०० लिटर रक्त बाहेर टाकते. एवढे रक्त कोणते यकृत बनवणार आणि कोणत्या अन्नातून? तेच रक्त फिरून येत असले पाहिजे. हे त्याने १६२८ मध्ये प्रसिद्ध केले. त्याचा एक प्रयोग कुणालाही करता येतो. दंड हलकाच आवळून हातावरची शीर फुगवावी, एका बोटाने ती मनगटाकडे दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे निपटावी. वरच्या झडपेपर्यंतचा भाग रिकामाच राहतो. मनगटाकडचे बोट उचलले की लगेच खालून भरतो. फुप्फुसांतून होणारी फेरी दमास्कसला वाढलेल्या इब्न अल्-नफीसने तेराव्या शतकातच मांडली होती, पण हार्वीला त्याची खबर असल्याचे दिसत नाही. रोहिणीतून नीलेत रक्त जाते कुठून, हे मात्र हार्वीला दाखवता आले नाही. १६६१ मध्ये मालपीगी या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकातून बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा वर्तुळ जुळले.

केशवाहिनीचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तांबडी पेशी कधी कधी तिच्यात दुमडून, अंग चोरून जाते. महारोहिणीत सेकंदाला फूटभर धावणारे रक्त इथे सेकंदाला अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही हळू चालते, कारण एका नदीचे असंख्य पाट झालेले असतात आणि सगळ्यांची मिळून रुंदी मूळ नदीपेक्षा कितीतरी जास्त असते. देवाणघेवाणीला हा सावकाशपणाच हवा. केशवाहिनीच्या सुरुवातीला दाबामुळे पाणी आणि विरघळलेली द्रव्ये बाहेर झिरपतात. पुढे दाब उतरतो आणि रक्तातली प्रथिने, मुख्यतः अल्ब्युमिन, बहुतेक पाणी परत ओढून घेतात. कुपोषित मुलाचे पाय आणि तोंड सुजते, ते हे प्रथिन रक्तात कमी पडल्यामुळे. तरीही दिवसाला दोन-तीन लिटर पाणी बाहेर राहते. ते लसीकावाहिन्या उचलून मानेजवळच्या नीलांत आणून सोडतात. विदर्भात आणि कोकणात आढळणाऱ्या हत्तीपाय रोगात दोऱ्यासारखे बारीक कृमी याच वाहिन्या बिघडवतात, आणि पाणी पायातच साचत जाते.

रक्त सगळीकडे सारखे वाटले जात नाही. बारीक रोहिण्यांच्या भिंतीतले स्नायू तोट्यांप्रमाणे उघड-मीट करतात. डोंगर चढताना हृदयाचा पुरवठा तिप्पट-चौपट होतो आणि त्यातला बराचसा मांड्या-पोटऱ्यांकडे वळतो. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला आतून भरून वाहणाऱ्या रक्ताचा फारसा उपयोग नसतो. त्याला महारोहिणीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन रोहिण्या पुरवठा करतात, आणि डाव्या निलयाला तो मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतो. या रोहिण्यांपैकी एखादी फांदी गुठळीने बंद झाली की हृदयविकाराचा झटका येतो.

जिराफाला डोके हृदयापासून दोन मीटर वर असल्याने माणसाच्या दुपटीच्या जवळपास रक्तदाब राखावा लागतो. पायांवर त्याची कातडी इतकी ताठ असते की घट्ट मोजा घातल्यासारखे काम करते, नाहीतर पाय सुजले असते. निळा देवमासा खोल बुडी मारतो तेव्हा त्याचे ठोके मिनिटाला दोनपर्यंत उतरल्याचे २०१९ मध्ये मोजले गेले. दोन ग्रॅम वजनाच्या एट्रुस्कन चिचुंद्रीचे हजारावर जातात.

गर्भात सगळीच वाट निराळी. फुप्फुसे मिटलेली असतात आणि प्राणवायू वारेतून, नाळेतल्या नीलेने येतो. त्यामुळे बाळाच्या दोन अलिंदांमधल्या पडद्याला एक खिडकी असते आणि फुप्फुसरोहिणीपासून महारोहिणीत जाणारी आडवाट असते. बहुतेक रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. जन्मल्यावर बाळ पहिला श्वास घेते, फुप्फुसे फुलतात, तिकडचा अडथळा एकदम उतरतो. डाव्या अलिंदात रक्त वाढून खिडकीचे दार दाबले जाते आणि आडवाट एक-दोन दिवसांत आवळून बंद होते. दार मात्र सगळ्यांचेच पक्के सांधले जात नाही. साधारण दर चार प्रौढांमागे एकाचे ते थोडे किलकिले राहते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही.