राष्ट्रमूळ कोटा पद्धती (अमेरिका)

अमेरिकेत दरवर्षी येणाऱ्या स्थलांतरितांची संख्या त्यांच्या जन्मदेशानुसार बांधून देणारी पद्धती. तिची सुरुवात १९२१ मध्ये झाली. १९६५ च्या कायद्याने ती रद्द ठरली, तरी नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली ती १ जुलै १९६८ पासून.

या कल्पनेच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. स्थलांतराच्या अभ्यासासाठी नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने (१९०७–११) सुचविलेल्या पर्यायांत टक्केवारीची मर्यादा आढळते. मात्र तिचा आधार विशिष्ट वर्षांत आलेल्या लोकांची सरासरी हा होता. जपानमध्ये काम केलेले मिशनरी सिडनी गुलिक यांनी १९१४ च्या सुमारास मांडलेल्या योजनेत, देशात आधीच स्थायिक असलेल्यांच्या प्रमाणात प्रवेश द्यावा, असे होते. १९२१ च्या कायद्याचे सूत्र गुलिक यांच्या योजनेला अधिक जवळचे दिसते. आशियाई लोकांविरुद्धचा भेदभाव संपवणे हा त्यांचा हेतू होता. कायद्याने सूत्र उचलले आणि हेतू सोडून दिला.

१९२१ मध्ये १९१० च्या जनगणनेतील त्या त्या देशात जन्मलेल्यांच्या ३ टक्के, असा कोटा होता. एका महिन्यात वार्षिक कोट्याच्या २० टक्क्यांहून अधिक लोक घेता येत नसत. त्यामुळे महिनाअखेरीस न्यूयॉर्क बंदराबाहेर जहाजे खोळंबत आणि मध्यरात्र उलटताच आत शिरण्यासाठी त्यांची शर्यत लागे. मागे राहिलेल्या जहाजातील कुटुंबांना परत जावे लागण्याची भीती असे. १९२४ मध्ये प्रमाण २ टक्क्यांवर आले आणि आधार म्हणून १८९० ची जनगणना घेतली गेली. इटलीचा कोटा सुमारे ४२,००० वरून ३,८४५ वर आला.

१९२९ पासून एकूण सुमारे १,५०,००० जागा १९२० मधील लोकसंख्येच्या ‘राष्ट्रमूळां’नुसार, म्हणजे पूर्वजांच्या मूळ देशांनुसार, वाटण्यात आल्या. जनगणना खात्याचे जोसेफ हिल यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने हे गणित केले. त्यासाठी सुरुवातीला १७९० च्या जनगणनेतील आडनावांवरून वंशमूळ ठरविण्याची जुनी वर्गवारी आधाराला घेतली गेली. इंग्रजी वळण दिलेली जर्मन आडनावे तीत ब्रिटिश म्हणून मोजली गेल्याने पहिल्या हिशेबात ब्रिटनचा वाटा फुगला, हा आक्षेप सबळ मानावा लागतो; १९२९ पूर्वी हे आकडे काहीसे सुधारण्यात आले. गुलामांचे वंशज, मूळ रहिवासी आणि नागरिकत्वास अपात्र ठरविलेले आशियाई तर हिशेबातूनच वगळले होते. शास्त्रीय म्हणवणाऱ्या या गणितातील अन्याय मुख्यतः येथे आहे.

निर्वासितांसाठी या कायद्यांत वेगळी तरतूद नव्हती. १९३९ मध्ये जर्मनीतील २०,००० मुलांना दोन वर्षांत कोट्याबाहेर घेण्याचे वॅग्नर–रॉजर्स विधेयक आले. समितीने ही मुले कोट्यातच धरण्याची दुरुस्ती सुचविली. तसे झाले असते तर प्रत्येक मुलामागे रांगेतील दुसऱ्या कोणाची तरी जागा गेली असती. विधेयक मांडणारे सिनेटर वॅग्नर यांनी ते मान्य केले नाही आणि विधेयक बारगळले. पुढे १९४८ च्या विस्थापितविषयक कायद्याने प्रवेश दिला, पण भविष्यातील कोटा ‘गहाण’ ठेवून, म्हणजे दिलेल्या जागा पुढील वर्षांच्या कोट्यातून वजा करून. लाटव्हियाचा निम्मा कोटा अशा रीतीने इ. स. २२७४ पर्यंत गहाण पडला होता. १९५७ मध्ये ही गहाणवट रद्द झाली.

१९५२ च्या मॅकॅरन–वॉल्टर कायद्याने कोटे कायम ठेवले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) फेटाळला. १९६५ च्या हार्ट–सेलर कायद्याचे वर्णन समर्थकांनी मर्यादित सुधारणा असेच केले होते. त्याने पूर्व गोलार्धासाठी १,७०,००० जागा, प्रत्येक देशाला कमाल २०,००० आणि निर्वासितांना ६ टक्के वाटा दिला. आशियातून पुढे झालेली वाढ अनपेक्षित होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९८० च्या कायद्याने निर्वासितांची वार्षिक कमाल संख्या काँग्रेसशी सल्लामसलत करून राष्ट्राध्यक्षांनी ठरवावी, अशी सोय केली. परिणामी ती १९८० च्या २,३१,७०० वरून २०२६ या आर्थिक वर्षासाठी ७,५०० पर्यंत घसरू शकली.

भारताला १९४६ च्या ल्यूस–सेलर कायद्याने वर्षाला १०० जागा मिळाल्या. कोटा पद्धती गेली तरी सध्याही रोजगाराधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. भारतात जन्मलेल्या अर्जदारांची, त्यांत मराठी अभियंतेही आले, रांग त्यामुळे लांबली आहे. ही मर्यादा उठविणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाले, पण त्याचा कायदा झाला नाही.