पिंपरी-चिंचवड : लोकसंख्यावाढ आणि जीवनमान

पुणे शहराच्या वायव्येला, पवना, मुळा आणि इंद्रायणी या नद्यांच्या काठांवर पसरलेले पिंपरी-चिंचवड हे महाराष्ट्रातील सर्वांत वेगाने वाढलेल्या शहरांपैकी एक आहे. १९७० पर्यंत येथे कागदोपत्रीही शहर नव्हते, ग्रामपंचायती होत्या. १९९१च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. २००१ मध्ये ती दहा लाखांवर गेली आणि २०११ मध्ये १७,२७,६९२ झाली. १९९७ मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली, त्यामुळे आधीच्या दशकातला काही आकडा हद्दवाढीचा आहे. पुढच्या दशकात मात्र ताथवडे हे एकच गाव नव्याने आले, तरीही वाढ सुमारे ७० टक्के होती. म्हणजे माणसे खरोखरच येत होती. २०२१ची जनगणना झाली नाही, त्यामुळे त्यानंतर येथे पाणी, शाळा, दवाखाने, बस यांचे सगळे हिशोब अंदाजावर चालले आहेत.

शहरातील अडचणींचे खापर बहुधा या वेगावर फोडले जाते. पण निगडी प्राधिकरण, काळेवाडी आणि पुनावळे हे तीन भाग एकामागोमाग पायी हिंडून पाहावेत. तिन्ही ठिकाणी शेत जाऊन वस्ती आली. पहिल्या भागात रस्ता, नळ आणि गटार आधी आले, मग माणसे. दुसऱ्या भागात माणसे आधी आली. तिसऱ्या भागात इमारती आधी आल्या. येथील जीवनमानातला फरक बराचसा या क्रमाने ठरवला आहे.

कारखान्यांमागून आलेले शहर

चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीचे आणि चाफेकर बंधूंचे गाव. आकुर्डीला तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम असतो. फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी बसली. तिथल्या बाजारपेठेला लोक आजही ‘पिंपरी कॅम्प’च म्हणतात. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिनचा सरकारी कारखाना पिंपरीच्या माळावर उभा राहिला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी, चिंचवड, आकुर्डी परिसरातल्या जमिनी घेऊन भूखंड पाडले. टेल्को (आजची टाटा मोटर्स), बजाज ऑटो, बजाज टेम्पो असे मोठे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य छोटी वर्कशॉप भोसरीच्या गाळ्यांतून सुरू झाली.

सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकण असे सगळीकडून तरुण आले. १९७२च्या दुष्काळाने त्या ओघात भर घातली. आधी गाववाल्याच्या खोलीवर पाच-सहा जण मिळून राहायचे, तिन्ही पाळ्यांत काम करायचे, मग ‘परमनंट’ झाल्यावर लग्न, आणि पुढे सोसायटीत एखादी खोली. कंपनीची बस, कॅन्टीन, प्रॉव्हिडंट फंड आणि मुलांना इंग्रजी शाळा एवढ्या शिदोरीवर कोरडवाहू शेतातून आलेली हजारो कुटुंबे एका पिढीत मध्यमवर्गात गेली. पिंपरी-चिंचवडच्या जीवनमानाचा विचार करताना ही बाजू विसरून चालणार नाही. गर्दीला कंटाळलेल्या माणसालाही विचारले तर गावाकडे परत जायचे नसते, ते याचमुळे.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. कारखान्यांत येणाऱ्या मालावरच्या जकातीने तिची तिजोरी भरली आणि राज्यातल्या सर्वांत श्रीमंत पालिकांत तिची गणना होऊ लागली. दापोडी ते निगडी हा जुना पुणे-मुंबई रस्ता इतका रुंद आहे तो त्या पैशांमुळे. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयही तिने उभे केले. तेथे पुणे जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतूनही रुग्ण येतात. जकात २०१३ मध्ये बंद झाली. तोवर शहराची घडणही बदलली होती : बजाज ऑटोने २००७ मध्ये आकुर्डीतले वाहन उत्पादन थांबवले, मोठे नवे कारखाने चाकणकडे गेले आणि नोकऱ्यांचा लोंढा हिंजवडीच्या संगणक उद्योगांकडे वळला.

प्राधिकरण आणि गुंठेवारी

कामगारांसाठी आखीव घरे हवीत हे शासनाला वेळेवर सुचले होते. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. निगडी-आकुर्डीत सेक्टर पाडले गेले, रुंद रस्ते, बागा आणि शाळांच्या जागा आधी राखल्या गेल्या. तिथे आज संध्याकाळी फिरताना पदपथावर ज्येष्ठ नागरिक निवांत चाललेले दिसतात. या शहरात ही साधी बाब नाही.

मात्र प्राधिकरणाने जेवढी जमीन संपादनाखाली घेतली तेवढी वेळेत विकसित केली नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्या शेतकऱ्यांपैकी अनेकांना साडेबारा टक्के परताव्यासाठी, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्के विकसित जमिनीसाठी, दशकानुदशके हेलपाटे घालावे लागले. दरम्यान कारखान्यांत भरती सुरूच होती आणि परवडेल असे कायदेशीर घर नव्हते. मग वाल्हेकरवाडी, थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिखली, दिघी या पट्ट्यांत गुंठेवारी सुरू झाली. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतकरी शेताचे गुंठा-अर्धा गुंठा तुकडे पाडून विकायचा. तुकडेबंदी कायद्यामुळे रीतसर खरेदीखत होत नसे, म्हणून स्टँपपेपरवर नोटरी करून व्यवहार व्हायचा. विकत घेणारा फिटर किंवा टर्नर साठवलेले पैसे आणि बायकोचे दागिने घालून खाली एक, वर एक अशा खोल्या बांधायचा आणि हप्ता फेडण्यासाठी वरच्या खोल्या भाड्याने द्यायचा. त्या भाडेकरूच्या रूपाने शहराला आणखी एक कामगार मिळायचा. शहरातली हजारो घरे अशी उभी आहेत. त्यांना ‘अनधिकृत’ म्हणणे कायद्याने बरोबर असले, तरी या शहराचे कामगार चाळीस वर्षे त्यांनीच सामावून घेतले, ही गोष्ट नोंदवायलाच हवी.

त्याची किंमतही तिथे राहणाऱ्यांनीच मोजली. गल्ल्या अरुंद, अग्निशमन बंब वळत नाही, मैदानाला जागा नाही. २००८ नंतरच्या अनधिकृत बांधकामांवर शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, लागला आणि तो थकत थकत मूळ मिळकतकराहून मोठा झाला. अनेक वर्षांच्या आंदोलनांनंतर राज्य शासनाने २०२३ मध्ये तो माफ केला. देहूरोड आणि दिघी येथील लष्करी आस्थापनांभोवतीचा ‘रेड झोन’ हा वेगळाच पेच आहे : या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे, पण तळवडे, चिखली, निगडीच्या काही भागांत लोक वर्षानुवर्षे राहत आहेत.

पाणी

शहराचे मुख्य पाणी मावळातल्या पवना धरणातून येते. साडेआठ अब्ज घनफुटांचे हे धरण १९७०च्या दशकापासून भरते आहे. धरणातून पाणी नदीत सोडायचे, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उपसायचे आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध करायचे, अशी रीत आहे. धरण ते रावेत या अंतरात पाणी मुरते, उपसले जाते आणि मैलापाण्याने खराब होते. म्हणून धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकण्याचे ठरले.

मावळच्या शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. धरणात त्यांच्या जमिनी गेल्या होत्या, पुनर्वसन पूर्ण झालेले नव्हते, आणि नदीतून वाहणारे पाणी नळात बंद झाले तर काठावरच्या शेतीचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यांत एक महिला होती. काम थांबले. ‘जैसे थे’चा आदेश उठला तो २०२३ मध्ये. शहराच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा इतिहास सांगताना या तीन मृत्यूंचा उल्लेख गाळणे अन्यायाचे होईल.

इकडे लोकसंख्या थांबलेली नव्हती. २५ नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. तात्पुरता म्हणून केलेला हा उपाय पुढे धरण काठोकाठ भरलेल्या पावसाळ्यांतही टिकला, कारण अडचण धरणातल्या साठ्याची नव्हती. पाणी उचलण्याची, शुद्ध करण्याची आणि वाढलेल्या वस्तीत पोहोचवण्याची होती. आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीतून निघोजे येथे उचलून चिखलीत शुद्ध केले जाऊ लागले. भामा आसखेडचे पाणीही मंजूर आहे.

घरात याचा अर्थ काय होतो? पाण्याच्या दिवशी पहाटे कोणीतरी उठून टाकी, पिंप, बादल्या भरून ठेवायच्या. बहुतेक घरांत हे काम बाईच्या वाट्याला येते, मग ती रात्रपाळीची परिचारिका असो की सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला निघणारी. गुंठेवारीतल्या घरात भूमिगत टाकी नसेल तर एका दिवसाचे पाणी दोन दिवस पुरवायचे. मोठ्या सोसायटीत टाकी असते, पण कमी दाबाने ती भरत नाही, मग टँकर. बांधकाम परवानगी देताना, महापालिकेचे पुरेसे पाणी मिळेपर्यंत आपण सोय करू, असे हमीपत्र विकसकाकडून घेतले जाते. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की टँकरचे बिल देखभाल खर्चात येऊन बसते. वाकड, ताथवडे, पुनावळे, रावेत, मोशी येथे लाखोंच्या कर्जावर घर घेतलेल्या कुटुंबांचा हा दरमहाचा अनुभव आहे.

हिंजवडीच्या बाजूला

राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान हिंजवडी-माण-मारुंजी परिसरात आहे आणि ते महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. रस्ते औद्योगिक महामंडळ, ग्रामपंचायती आणि २०१५ मध्ये स्थापन झालेले पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्यात वाटलेले. जोराचा पाऊस झाला की रस्त्यावर पाणी तुंबते आणि कोणाकडे तक्रार करायची यातच दिवस जातो. ही गावे महापालिकेत घ्या, ही मागणी जुनी आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर ही २३ किलोमीटरची मेट्रो आखली गेली, पण तोवर कंपन्या येऊन दोन दशके होत आली होती. शहरातली पिंपरी-चिंचवड महापालिका भवन ते फुगेवाडी ही मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली; निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गाला त्यानंतर मंजुरी मिळाली.

केंद्र सरकारच्या २०२०च्या शहरांच्या निर्देशांकांत एक विसंगती ठळक दिसते. दहा लाखांवरच्या शहरांत पालिकेच्या कामगिरीत पिंपरी-चिंचवड चौथे आले, पुणे पाचवे. राहण्यायोग्यतेत मात्र पुणे दुसरे आणि पिंपरी-चिंचवड सोळावे. कार्यक्षम पालिका आणि जगण्यास सुखकर शहर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा मी याचा अर्थ लावतो.

नदी आणि कचरा

पवना शहरातून सुमारे २४ किलोमीटर वाहून दापोडीजवळ मुळेला मिळते. इंद्रायणीवर आळंदीला पांढरा फेस तरंगतो आणि वारकरी त्यातच स्नान करतात. पूररेषेतही बांधकामे होत राहिली. मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले, म्हणजे बांधकामाला बंदी असलेल्या पट्ट्यातले, ३६ बंगले न्यायालयीन आदेशानंतर पाडण्यात आले. प्लॉट विकणारे पैसे घेऊन निघून गेले होते. रस्त्यावर आली ती कुटुंबे.

कचऱ्याची गोष्टही याच क्रमाची आहे. पुनावळ्यात कचरा डेपोसाठी जागा आरक्षित होती. ती ताब्यात घेऊन काम सुरू करण्यात वर्षे गेली आणि तेवढ्यात भोवती टॉवर उभे राहिले. रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि २०२३च्या हिवाळी अधिवेशनात शासनाने प्रकल्प रद्द करत असल्याचे सांगितले. त्यामुळे शहराचा कचरा मोशीलाच जातो. तेथे त्याच वर्षी कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प सुरू झाला. मोशीच्या डेपोच्या आसपासही आता सोसायट्या झाल्या आहेत आणि पावसाळ्यात तिथले लोक खिडक्या लावून बसतात.